जुन्नरच्या लेण्यांतील एक वृक्षदान

भीमा व घोड या नद्यांच्या काठची शिरूर-दौंडची भूमी बहुतांशी सपाट आहे. लेणी कोरण्याजोगे बेसॉल्टचे उभे कडे पाहावयाचे तर उगमाकडे, घोडेस मिळणाऱ्या कुकडीच्या काठी वसलेल्या जुन्नरपर्यंत जावे लागते. तेथील लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी व तुळजा या डोंगरांत दोनशेच्या आसपास बौद्ध लेणी असून त्यांपैकी बहुतेक इ. स. पूर्व पहिले ते इ. स. तिसरे शतक या काळातील आहेत.

शरद ऋतूत या उतारांवरील हिरवाई निसर्गदत्त भासते. परंतु विहारांना वृक्षांची जोड देणे हे प्राचीन काळी दानाचे कार्य होते. जुन्नरच्या एका ब्राह्मी लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाने दोन शेतांचे उत्पन्न एका श्रेणीकडे ठेव म्हणून सोपविल्याची नोंद आहे: 20 निवर्तने करंजाच्या लागवडीसाठी व 9 निवर्तने वडाच्या लागवडीसाठी, असा तिचा अर्थ लावला जातो.

या दानाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. कल्याणच्या सुलसदत्ताने लेण्याद्रीस दिलेले चैत्यगृह एकदा कोरले की टिकून राहिले. त्याच्या शेजारचा विहार पुढे गिरिजात्मजाचे मंदिर झाला, तरी कातळ तोच राहिला. वृक्षांचे तसे नाही. त्यांना जमीन, तिचे उत्पन्न आणि वचन पाळणारी श्रेणी यांचा अखंड आधार हवा. तो आधार सरला की दानही सरते व केवळ लेख उरतो. म्हणून लेण्यांचा इतिहास हा शिल्पाइतकाच त्यांच्या योगक्षेमाचाही इतिहास होय.