मेथीदाण्याचे मोजमाप

मधुमेहावर मेथी आणि कारले खाण्याची चाल भारतात जुनीच आहे. पण मेथी किती घ्यायची, कोणत्या रूपात घ्यायची आणि औषध चालू असताना ती घेतली तर रक्तातल्या साखरेचे काय होते, हे ग्रॅममध्ये मोजण्याच्या कामात हैदराबादचा वाटा मोठा आहे.

तिथल्या तार्नाका भागातली राष्ट्रीय पोषण संस्था मूळची हैदराबादची नव्हे. 1918 साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीतल्या कुन्नूरला, पाश्चर संस्थेच्या एका खोलीत, बेरीबेरीच्या अभ्यासासाठी ती सुरू केली. व्ही. एन. पटवर्धन संचालक असताना, 1958 मध्ये, ती उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी आली. आजचे नाव तिला 1969 मध्ये मिळाले. तोवर तिचे बहुतेक काम अर्धपोटी माणसांविषयी होते. ज्वारीवर गुजराण करणाऱ्या शेतमजुरांना होणाऱ्या पेलाग्रावर सी. गोपालन यांनी इथेच संशोधन केले.

1971 मध्ये संस्थेत अन्न व औषध विषशास्त्राचे केंद्र निघाले. कमला कृष्णस्वामी यांच्या कामाचा गाभा असलेला प्रश्न साधा होता, आणि तो विचारायला फार उशीर झाला होता: धडधाकट माणसासाठी ठरवलेली मात्रा कुपोषित शरीरातही तसेच काम करते का? करत नाही, असे दिसले. औषध शोषले जाणे, यकृतात त्याचे विघटन होणे आणि शरीराबाहेर पडणे, या सगळ्यांवर आहाराचा परिणाम होतो.

मधुमेहाकडे ही नजर आर. डी. शर्मा यांच्या मेथीवरील प्रयोगांतून वळली. 1986 च्या निबंधात त्यांनी दाणा सुटा करून तपासला: अख्खा दाणा, तेल काढलेला, शिजवलेला, त्यातला डिंक वेगळा, डिंक काढलेला चोथा वेगळा आणि शिजवलेली पालेभाजीही. अख्ख्या दाण्याने साखरेची चढण सर्वांत जास्त रोखली. नुसता डिंकही बराच उपयोगी पडला. डिंक काढलेला दाणा आणि शिजवलेली भाजी मात्र जवळपास निष्प्रभ ठरली. मेथीची भाजी रोज खाल्ली म्हणजे साखर आटोक्यात राहील, ही घरोघरची समजूत या निकालापुढे टिकत नाही. हा डिंक पाण्यात फुगून बुळबुळीत होतो, अन्न आतड्यात घट्ट धरून ठेवतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते.

1990 मध्ये शर्मा, टी. सी. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांना रोज 100 ग्रॅम तेलविरहित मेथीपूड दिली, निम्मी दुपारच्या जेवणात, निम्मी रात्रीच्या. दहा दिवसांत उपाशीपोटीची साखर उतरली आणि चोवीस तासांत लघवीवाटे जाणारी साखर 54 टक्क्यांनी घटली. एवढी पूड रोज पोटात घालणे सोपे नाही. पुढच्या प्रयोगांत मात्रा 25 ग्रॅमवर आली.

साखर उतरवणाऱ्या अन्नाची औषधाशी गाठ पडते हे परदेशातही दिसले होते. 1979 साली 'लॅन्सेट'मध्ये अस्लम आणि स्टॉकली यांनी ब्रिटनमधल्या एका पाकिस्तानी रुग्ण महिलेची नोंद दिली. ती क्लोरप्रोपामाइडच्या गोळ्या घेत होती आणि कारले-लसूण घातलेला रस्साही खात होती; दोहोंचा परिणाम एकत्र झाला होता.

धोका कोणत्या गोळीबरोबर जास्त, हे तिच्या कामाच्या रीतीवर ठरते. क्लोरप्रोपामाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर काढतात, मग ताटात काही असो वा नसो. इन्सुलिन वाढलेले आणि मेथीमुळे साखर सावकाश येणारी, अशा वेळी घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्धही हरपू शकते. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून सुटणारी साखर कमी करते, म्हणून एकट्या मेटफॉर्मिनवर साखर इतकी घसरणे विरळा. त्यामुळे औषध चालू असताना रोजची मेथीपूड सुरू करायची किंवा एकदम बंद करायची, तर डॉक्टरांना सांगून साखर वरचेवर तपासावी लागते आणि गरजेप्रमाणे गोळीची किंवा इन्सुलिनची मात्रा बदलावी लागते.