बगलेतला पट्टा

कोकणात रेडीच्या वाळूवर होडी वर घ्यायची तर हात पुष्कळ लागतात, पण दोर नाळेलाच बांधायचा हे आधी ठरलेलं असतं. कडेला धरून ओढली तर ती आडवी फिरते आणि रुतते. धुरात कोसळलेल्या अग्निशमन जवानाच्या अंगावर अशी ठरलेली जागाच नव्हती. त्याला बाहेर काढणाऱ्या पट्ट्याची कुळकथा या उणिवेतून सुरू होते.

श्वसनयंत्र म्हणजे बीए सेट, हेल्मेट, जाड कोट, गमबूट धरून असा गडी सहज शंभर किलोंच्या वर जातो. उष्ण धूर छताकडे साठतो, म्हणून सोडवणाऱ्यालाही उभं राहता येत नाही, रांगतच ओढावं लागतं. हातात जाड मोजे, समोरचा कोट पाण्याने निसरडा. कॉलर धरली तर कोट वर सरकून गळ्याशी येतो. बीए सेटचा पट्टा धरला तर तो निसटतो, मुखवटाही हलू शकतो. ताकद असूनही माणूस हलत नाही.

अमेरिकेत डेन्व्हरला 28 सप्टेंबर 1992 रोजी मार्क लँगवर्ट हा जवान आगीत अडकला. तो जिथे होता तिथली वाट जेमतेम 71 सेंटिमीटर रुंद होती आणि खिडकी त्याहून अरुंद. सहकारी त्याच्यापर्यंत पोचले, पण सुमारे पाऊण-एक तास झटूनही त्याला जिवंत बाहेर काढू शकले नाहीत. त्या जागेची हुबेहूब मापं घेऊन ‘डेन्व्हर ड्रिल’ नावाचा सराव तयार झाला, तो आजही घेतात. मित्राच्या मृत्यूची मापं घेऊन पुढच्यांना शिकवायचं, याला मोठं काळीज लागतं.

पट्टा मात्र गिर्यारोहकांकडून आला. 1935 मध्ये ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्सने नायलॉन तयार केलं. दुसऱ्या महायुद्धात ते पॅराशूटला लागलं, आणि युद्धानंतर त्याच्या विणलेल्या पट्ट्या कडे चढणाऱ्यांच्या हाती गेल्या. इंचभर रुंदीची पोकळ विणीची पट्टी, वजनाला हलकी, पण दीड टनाहून जास्त ताण सोसणारी. तिची टोकं गाठून केलेलं वळं घडी घालून खिशात मावतं. ते छातीवरून घेऊन दोन्ही बगलांखालून मागे काढायचं, एक टोक दुसऱ्यातून ओवायचं आणि डोक्याच्या दिशेने खेचायचं. जितकं ओढावं तितकं ते छातीभोवती आवळतं आणि अंग सरळ रेषेत सरकतं.

नायलॉनची खोट म्हणजे ते अडीचशे अंशांच्या आसपास वितळतं. 1965 मध्ये स्टेफनी क्वोलेकच्या संशोधनातून केव्हलारची वाट खुली झाली, आणि न वितळणारा धागा मिळाला.

फीनिक्समध्ये 14 मार्च 2001 रोजी ब्रेट टार्व्हर हा जवान सुपरमार्केटच्या आगीत गेला. त्यानंतर तिथल्या दलाने सराव करून मोजणी केली: एका जवानाला बाहेर काढायला सरासरी 12 जण आणि 21 मिनिटं लागत होती, आणि सोडवायला गेलेल्या पाचांतला एक स्वतःच अडचणीत येत होता. अग्निशमन पोशाखाच्या अमेरिकी मानकाच्या 2007 च्या आवृत्तीने पट्टा कोटातच असणं सक्तीचं केलं. अस्तराआड खांद्यांभोवती तो फिरतो, पकड मानेमागच्या झाकणाखाली असते.

जवान गमावणं आपल्याकडेही परकं नाही. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाजाच्या स्फोटांत अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. 9 मे 2015 ला काळबादेवीत गोकुळ निवास ही इमारत कोसळली. दलाचे संजय राणे आणि महेंद्र देसाई ढिगाऱ्यात गेले. सुधीर अमीन आणि दलप्रमुख सुनील नेसरीकर त्याच महिन्यात उपचार चालू असताना गेले. कोसळत्या इमारतीपुढे पट्टा काही करू शकत नाही, हे मान्य करायलाच हवं. पण धुरात बेशुद्ध पडलेल्याला तो वाचवू शकतो, आणि तो स्वस्त आहे. लहान गावांच्या केंद्रांत गाडीवर चार-पाच जणच असतील तर त्यांना तो मुंबईपेक्षा अधिक हवा.

कोट धुताना बरेचदा हा पट्टा काढावा लागतो. परत ओवताना पीळ पडला किंवा तो राहूनच गेला तर घालणाऱ्याला कळत नाही, कारण पकड पाठीमागे असते. म्हणून अंगात कोट चढल्यावर सोबत्याने ते झाकण उघडून एकदा ओढून पाहायचं असतं.