गोल्डफिशचा रंग का बदलतो: वय, खाद्य की आजार?

शोभिवंत माशांमध्ये गोल्डफिशला मागणी चांगली असते आणि त्याची किंमत मुख्यतः रंग व आकार पाहून ठरते. त्यामुळे टाकीतला लालभडक मासा फिका पडू लागला, की पाळणाऱ्याचा हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. ही घाई टाळा. वयानुसार होणारा बदल हा आजार नसतो, त्यावर औषधही नसते. मात्र प्रत्येक बदल वयावर ढकलणेही तितकेच महागात पडते.

रंग कसा तयार होतो?

माशाच्या त्वचेत काळ्या, पिवळ्या-लाल आणि चमक देणाऱ्या अशा वेगवेगळ्या रंगपेशी असतात. काळे रंगद्रव्य मासा स्वतः तयार करतो. लाल-केशरी रंग कॅरोटिनॉइड्समुळे येतो, आणि ती माशाला खाद्यातूनच मिळावी लागतात.

वयानुसार होणारे बदल

गोल्डफिशची पिल्ले सुरुवातीला हिरवट-तपकिरी असतात. साधारण दोन-तीन महिन्यांनंतर काळ्या रंगपेशी नष्ट होऊ लागतात, पोटाकडून केशरी रंग दिसू लागतो आणि तो वर सरकतो. काही पिल्लांना यासाठी वर्षही लागते, तर काही आयुष्यभर तपकिरीच राहतात. म्हणून तीन महिन्यांची तपकिरी पिल्ले लगेच टाकाऊ समजू नका.

हा बदल तिथेच थांबतो असेही नाही. केशरी मासा काही वर्षांत पांढरा होऊ शकतो. लाल-पांढऱ्या माशातला लाल भाग आकसतो. ब्लॅक मूर हा काळा, डोळे बाहेर आलेला प्रकार अनेकदा तांबूस किंवा केशरी होतो. खरेदी करतानाच त्याच्या पोटावर सोनेरी झाक दिसत असेल, तर तो काळा टिकण्याची शक्यता कमी समजा.

माझ्या घरच्या टाकीतला ब्लॅक मूर असाच तांबूस झाला, तेव्हा मी बुरशी समजून मुख्य टाकीतच मिथिलीन ब्लू टाकले. फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू मेले, अमोनिया वाढला आणि शेजारचे दोन निरोगी मासे गेले. मूर मात्र जगला, तांबूसच राहिला. पिकाचे तळाचे जुने पान पिवळे पडले म्हणून लगेच फवारणी करू नका, असे शेतकऱ्यांना सांगणारा मीच!

वय की बिघाड, कसे ओळखाल?

वयाचा बदल सावकाश, आठवड्या-महिन्यांनी होतो. त्या काळात मासा नेहमीसारखा खातो, पर ताठ ठेवून पोहतो. एक-दोन दिवसांत रंग उतरला, मासा तळाशी बसला किंवा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागला, तर आधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असावेत. नसतील तर क्लोरीन काढलेल्या, जवळपास त्याच तापमानाच्या पाण्याने पाव ते एक तृतीयांश पाणी बदला आणि खाद्य एक-दोन दिवस थांबवा.

अंगावर किंवा परांच्या कडांना अचानक काळे डाग आले, तर बहुधा अमोनियाने भाजलेली त्वचा भरून येत असते. डाग कालांतराने जातात; पण पाणी बिघडले होते किंवा अजूनही बिघडलेले आहे, एवढे त्यातून समजते. परांमध्ये रक्ताळलेल्या रेषा दिसणे मात्र कधीच वयाचे लक्षण नाही.

पांढऱ्या ठिपक्यांबाबत हमखास गफलत होते. कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर बारीक पांढरे दाणे असतील, तर तो प्रजननासाठी तयार झालेला नर आहे. ठिपके अंगभर आणि शेपटीवरही पसरले असतील, मासा अंग घासत असेल, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग आहे.

फिका रंग सुधारता येतो का?

चांगल्या व्यवस्थापनात गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे जगतो. दोन वर्षांचा मासा फिका पडला, तर त्याला म्हातारा ठरवण्याआधी खाद्य आणि प्रकाश पाहा. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या किंवा पांढऱ्या तळाच्या टाकीत मासे फिके दिसतात. गडद तळ आणि दिवसा आठ-दहा तास प्रकाश ठेवा.

खाद्यात स्पिरुलिना किंवा अॅस्टाझँथिन असावे. झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्यांची पूडही खाद्यात मिसळता येते. पण बाजारातली फवारणी केलेली फुले नकोत, परसातली घ्या. कॅरोटिनॉइड्स उष्णता, प्रकाश आणि हवेने खराब होतात. स्वस्त पडते म्हणून मोठे पोते घेऊन ते पत्र्याच्या शेडमध्ये उघडे ठेवले, तर पोट भरेल, रंग येणार नाही. लागेल तेवढेच खाद्य घ्या आणि हवाबंद डब्यात सावलीत ठेवा. फरक दिसायला काही आठवडे लागतात. अनुवंशाने केशरीचा पांढरा झालेला भाग मात्र खाद्याने परत लाल होत नाही.

दर महिन्याला, त्याच जागी आणि त्याच उजेडात माशांचा फोटो काढून ठेवा. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना सावकाश होणारा बदल कळत नाही. आणि ब्लॅक मूर विकत असाल, तर त्याचा रंग पुढे बदलू शकतो हे ग्राहकाला विक्रीवेळीच सांगा.