गावचे कार्यक्रम सर्वांना कळावेत यासाठी मुक्त सॉफ्टवेअर : मोबिलिझॉन, गान्चो आणि आयसीएस

सप्ताह, कुस्त्यांचा फड, रक्तदान शिबिर, ग्रामसभा. व्हॉट्सॲपवर पोस्टर पडतं आणि तासाभरात ‘शुभ सकाळ’खाली दबून जातं. तारीख बदलली तरी जुनं पोस्टर फिरतच राहतं. एका ग्रुपात जास्तीत जास्त १,०२४ जण; बाहेरच्यांना पत्ताच नाही. फेसबुकवर पोस्ट कुणाला दिसणार, ते कंपनी ठरवते. यावर मुक्त सॉफ्टवेअरचे काही पर्याय आहेत.

मुक्त म्हणजे काय?
नुसतं फुकट नव्हे. असं सॉफ्टवेअर कुणीही वापरावं, तपासावं, बदलावं आणि दुसऱ्याला द्यावं, अशी त्याच्या परवान्यातच मोकळीक असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला, तिथून ही चळवळ सुरू झाली.

मोबिलिझॉन
फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या ना-नफा संस्थेने लोकवर्गणीतून बनवलं. पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२० मध्ये आली. मंडळाचं पान, कार्यक्रमाची तारीख, ठिकाण, नोंदणी सगळं एका जागी. जाहिराती नाहीत. आयोजकाने परवानगी दिली असेल, तर खातं न उघडता फक्त ईमेल देऊनही नाव नोंदवता येतं. वेगवेगळे सर्व्हर एकमेकांना जोडलेले असल्याने एका सर्व्हरवरचा कार्यक्रम दुसऱ्यावरही दिसू शकतो.

गान्चो
हे इटलीतून आलेलं, स्थानिक कार्यक्रमांसाठीचं साधं कॅलेंडर. खातं नसलेला माणूसही कार्यक्रम टाकू शकतो. चालवणाऱ्याने मंजूर केल्यावरच तो दिसतो. कुणी टाकला हे दाखवलं जात नाही, कार्यक्रम काय हेच महत्त्वाचं. एका तालुक्याला असं एक पान पुरतं.

आयसीएस कॅलेंडर
ही तारखांच्या फाइलची सर्वमान्य पद्धत. दोन्ही सॉफ्टवेअर अशी लिंक देतात. ती फोनच्या कॅलेंडरला जोडली की कार्यक्रम आपोआप येतात. वेळ बदलली की पुढच्या अपडेटला फोनमध्येही बदलते. अँड्रॉइडवर यासाठी ‘आयसीएसएक्स५’ हे मुक्त ॲप आहे.

सुरुवात कशी कराल?
• आधी चालू असलेल्या एखाद्या मोबिलिझॉन सर्व्हरवर मंडळाचं पान उघडून बघा.
• स्वतःचं पान हवं असेल तर सर्व्हर आणि डोमेनचा खर्च येतो. सॉफ्टवेअर फुकट, पण सांभाळणारा माणूस लागतो. कॉलेजमधली जाणकार पोरं हे करू शकतात.
• मंजुरीचं काम किमान दोघांकडे द्या. एकजण गावाला गेला तर पान अडकायला नको.
• पोस्टर व्हॉट्सॲपवर टाकाच, सोबत लिंकही द्या. तारीख बदलली की लिंकवर बदला.

हे ध्यानात ठेवा
सार्वजनिक कार्यक्रम जगात कुणालाही दिसतो. जोडलेल्या सर्व्हरवर गेलेली माहिती नंतर पूर्ण पुसली जाईलच असं नाही. त्यामुळे घरगुती कार्यक्रम, कुणाचा खासगी नंबर किंवा घराचा पत्ता तिथे टाकू नका. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी चावडीवरचा फलक आणि दवंडी चालूच ठेवा.