रोजगार हमी निधी (सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात)

ग्रामीण भागात अंगमेहनतीचे अकुशल काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीस काम देण्याची जी जबाबदारी महाराष्ट्र शासनाने कायद्याने पत्करली, तिचा खर्च भागवण्यासाठी नोकरदार, व्यावसायिक, व्यापारी, शहरांतील बिगरनिवासी मालमत्तांचे धारक व बागायतदार यांच्यावर बसवलेल्या करांतून आणि राज्याने घातलेल्या तितक्याच रकमेतून उभा राहणारा निधी. सधनांकडून किती कर घ्यावा आणि उत्पन्न अपुरे पडल्यास गरिबांवरील खर्चास कितपत कात्री लावावी, हा राज्यवित्ताचा जुना वाद आहे. या निधीने त्यावर दिलेले उत्तर असे, की विशिष्ट कर विशिष्ट हक्काशी कायद्यानेच जोडून टाकावा, म्हणजे अर्थसंकल्पातील ओढाताणीची झळ त्या हक्काला लागणार नाही. हे उत्तर कुठे टिकले आणि कुठे अपुरे ठरले, हे पाहण्यास अवर्षणप्रवण सोलापूर जिल्हा उपयोगी पडतो, कारण कर भरणारे औद्योगिक शहर, उजनी धरणाच्या पाण्यावरील ऊस आणि पावसाच्या भरवशावरील कोरडवाहू शिवार ही तिन्ही तेथे एकाच जिल्ह्यात नांदतात.

पूर्वपीठिका : जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान सुमारे ५५० मिलिमीटर असून तेही बेभरवशाचे असल्याने दुष्काळ आणि दुष्काळी कामे यांचा इतिहास येथे जुना आहे. बहामनी राजवटीत मंगळवेढ्याचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केल्याची कथा वारकरी परंपरेने जपली आहे; मात्र तेथे उपाशी माणसाचे पोट भरले ते एका अधिकाऱ्याच्या करुणेमुळे, हक्कामुळे नव्हे. १८७६–७८ च्या महादुष्काळात ब्रिटिश सरकारने सोलापूर जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे काढली आणि आष्टी तलावाची उभारणी त्याच काळात सुरू झाली. या दुष्काळानंतर सरकारने पुढील संकटांची तरतूद म्हणून दरवर्षी दीड कोटी रुपये बाजूला ठेवण्याचे ठरवले व त्यासाठी १८७८ मध्ये व्यापार-धंद्यांवर परवाना कर बसवला. व्यवसायांवर कर घेऊन दुष्काळपीडितांचा खर्च चालवण्याची ही कल्पना रोजगार हमीच्या करांची पूर्वज म्हणता येईल. परंतु ती रक्कम अफगाण युद्धाकडे वळवली गेल्याचा आक्षेप भारतीय नेत्यांनी सातत्याने घेतला. एका कारणासाठी घेतलेला कर दुसरीकडे खर्च होण्याचा धोका असा प्रारंभापासूनच दिसून आला.

स्वातंत्र्योत्तर काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे काम मागणाऱ्यास काम देण्याचा प्रयोग केला आणि तो राज्यभर नेण्याचा आग्रह तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे धरला. १९७२ मध्ये ही योजना राज्यासाठी जाहीर झाली. पण त्याच वर्षी पडलेल्या भीषण दुष्काळात दुष्काळी कामांचाच विस्तार झाला, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवरील मजुरांची संख्या राज्यात पन्नास लाखांच्या घरात गेली. सोलापूर जिल्ह्यात खडी फोडणारे, रस्त्यांवर आणि पाझर तलावांवर राबणारे, सुकडीवर (दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या कोरड्या पौष्टिक अन्नावर) दिवस काढणारे हजारो लोक त्यांपैकी होते. दुष्काळ सरल्यानंतर १९७४ पासून योजना पुन्हा स्वतंत्रपणे सुरू झाली. विधिमंडळाने १९७७ मध्ये संमत केलेला महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला व ‘मागेल त्याला काम’ या घोषवाक्याला कायद्याचे बळ मिळाले. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते न दिल्यास बेकारभत्ता देणे शासनावर बंधनकारक झाले.

करांची रचना : निधीचा कणा म्हणजे व्यवसाय कर होय. तो १९७५ च्या अधिनियमान्वये त्याच वर्षी १ एप्रिलपासून लागू झाला. नोकरदारांच्या बाबतीत मालक तो पगारातून कापून भरतो, तर डॉक्टर, वकील, व्यापारी, कारखानदार इत्यादी स्वयंव्यवसायी नावनोंदणी करून स्वतः भरतात. त्याच्या जोडीस शहरांतील बिगरनिवासी इमारतींवरील रोजगार हमी उपकर (विशिष्ट हेतूसाठी मूळ करावर घेतलेली जादा आकारणी), विक्रीकर व मोटार वाहन कर यांवरील वाढीव आकारणी आणि सिंचित जमिनीवरील विशेष आकारणी अशी साधने ठेवण्यात आली. महापालिकांच्या मालमत्ता कराच्या बिलांत हा उपकर स्वतंत्र रकान्यात दाखवला जातो. अशा रीतीने सोलापूर शहराच्या नवी पेठेतला दुकानदार, अक्कलकोट रस्त्यावरचा यंत्रमाग कारखानदार आणि सांगोल्याच्या माळरानावर मातीकाम करणारी मजूर स्त्री यांच्यात कायद्याने आर्थिक नाते जोडले गेले. शहरी मतदारांनी हा कर स्वीकारण्यामागे सहानुभूतीबरोबर व्यवहारही होता. गावात काम मिळाल्यास शहरांकडे येणारे दुष्काळी लोंढे थांबतील, हा युक्तिवाद त्या काळी प्रभावी ठरला.

करभारातील विषमता : सधनांवरील कर म्हणून या व्यवस्थेचे वर्णन पूर्ण अर्थाने करता येत नाही, कारण व्यवसाय कराला संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने कमाल मर्यादा घातली आहे. मूळ संविधानात ती वर्षाला २५० रुपये होती व १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये झाली. त्यानंतर किमती आणि पगार अनेक पटींनी वाढूनही ती तेथेच थांबली आहे. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांहून अधिक वेतन असणाऱ्यास अकरा महिने २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला पूर्ण २,५०० रुपये भरावे लागतात. स्त्रियांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर सूट आहे. परिणामी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळवणारा पुरुष कामगार आपल्या मिळकतीचा २ टक्के भाग या करापोटी देतो, तर २५ लाख मिळवणारा व्यावसायिक केवळ ०.१ टक्का देतो. मिळकत वाढत जाईल तसे कराचे प्रमाण घटत जाणे, म्हणजेच कर प्रतिगामी असणे, हा येथे संविधानातील मर्यादेचा थेट परिणाम आहे. दुसरी विषमता शेतीतली आहे. शेतीच्या उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार संविधानाने राज्यांकडे ठेवला असल्याने केंद्राचा आयकर त्याला लागत नाही. सिंचित जमिनीवरील आकारणीतून निधीला मिळालेला हिस्सा अल्प राहिला आणि मुख्य भार शहरी पगारदार व व्यापारी यांच्यावर पडला. उजनी धरणाच्या पाण्याने माढा, पंढरपूर, मोहोळ या तालुक्यांत उसाची व साखर कारखान्यांची समृद्धी आली; शेजारच्या कोरडवाहू गावांतील मजुरांना काम देण्याच्या खर्चात त्या समृद्धीचा वाटा तिच्या प्रमाणात कधीच पडला नाही.

सोलापूर जिल्ह्यातील फलित : निधीतून झालेल्या कामांत पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, विहिरी व रस्ते यांचा समावेश होतो. पुरुष व स्त्री यांना समान दराने मजुरी मिळाल्याने ज्या शेतमजूर स्त्रिया एरवी कमी दरावर राबत, त्यांना गावातच घासाघीस करण्याचे बळ आले. १९९०–९१ पासून फळबाग लागवडीची जोड रोजगार हमीला मिळाली. शेतकऱ्याने आपल्याच जमिनीत खड्डे काढून लावलेल्या झाडांचा मजुरीखर्च त्यामुळे शासनाने उचलला. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या भागांत बोर आणि डाळिंब यांच्या बागा पसरण्यास ही योजना कारणीभूत झाली. सोलापूर येथे २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. दारिद्र्यनिवारणावरील खर्च म्हणजे केवळ वाटप, हा समज या उदाहरणापुढे टिकत नाही. आज मजुरी म्हणून दिलेला पैसा उद्या शेतमालाच्या, व्यापाराच्या व निर्यातीच्या रूपाने संपत्ती निर्माण करू शकतो. मात्र मुकादम व अधिकारी यांच्या संगनमताने हजेरीपटावर खोटी नावे चढणे, मजुरी थकणे आणि तलाव देखभालीअभावी गाळाने भरणे हे दोषही राज्यभर दिसून आले.

छुपी खर्चकपात : सामाजिक खर्च कमी करण्यासाठी अर्थसंकल्पातील आकडा उघडपणे छाटावाच लागतो असे नाही, हे रोजगार हमीच्या इतिहासाने दाखवून दिले. मे १९८८ मध्ये योजनेवरील मजुरी कायदेशीर किमान वेतनाच्या पातळीवर आणण्यात आली व ती जवळपास दुप्पट झाली. त्याआधी राज्यात वर्षाला सुमारे १९ कोटी मनुष्यदिवस काम निर्माण होत असे. ते प्रमाण पुढील दोन वर्षांत दहा कोटींच्या खाली आले. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा निष्कर्ष काढला, की वाढीव मजुरीचा बोजा आटोक्यात ठेवण्यासाठी कामाच्या वाटपावर अघोषित मर्यादा घातली गेली. कामे उशिरा सुरू करणे, ती मजुरांच्या गावापासून लांब काढणे, मागणीचा अर्जच नोंदवून न घेणे अशा मार्गांनी हक्क कायद्यात शाबूत राहतो आणि प्रत्यक्षात आटतो. याउलट व्यवसाय कराचे उत्पन्न वाढतच गेले. १९९० नंतरच्या काळात रोजगार हमीसाठी गोळा झालेली रक्कम आणि त्यावरील प्रत्यक्ष खर्च यांत मोठे अंतर पडले. कर प्रथम राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि विधिमंडळाच्या तरतुदीनंतरच रोजगार हमी निधीत वर्ग होतो. त्यामुळे ज्या नावाने कर घेतला, त्या नावानेच तो खर्च होईल ही खात्री व्यवहारात सैल पडली.

तुलना – विडी कामगार कल्याण निधी : रोजगार हमी ग्रामीण भागापुरती असल्याने सोलापूर शहरातील कामगार तिच्या बाहेर राहिला; १९९५ मध्ये लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली तेव्हा हातचे काम गेलेल्या गिरणी कामगाराला अशी कोणतीही हमी नव्हती. शहरात घराघरांतून विड्या वळणाऱ्या स्त्रियांसाठी मात्र वेगळा निधी होता. केंद्राच्या १९७६ च्या कायद्यांनी विड्यांच्या उत्पादनावर उपकर बसवून त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या व घरबांधणी यांचा खर्च चालवला. माकपचे नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली; तिचे लोकार्पण २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताना हा उपकर रद्द झाला. विडीवर २८ टक्के कर बसला, पण त्यातील कोणताही भाग कामगारांसाठी राखीव उरला नाही व कल्याणयोजना केंद्राच्या सर्वसाधारण तरतुदीवर विसंबल्या. कर वाढूनही हक्काचा आधार जाऊ शकतो, असा या घटनेचा अर्थ आहे.

२००५ नंतरची स्थिती : महाराष्ट्राच्या अनुभवाच्या आधारे केंद्राने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि १ एप्रिल २००८ पासून तो देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. प्रत्येक कुटुंबाच्या पहिल्या १०० दिवसांच्या अकुशल मजुरीचा खर्च केंद्राकडे गेला व त्यापुढील दिवसांची हमी राज्याच्या निधीवर राहिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवसांची मर्यादा १२५ झाली, पण बहुतेक राज्यांवर ४० टक्के खर्चाचा वाटा आला. त्यामुळे राज्याच्या स्वतःच्या करबळाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. दरम्यान २०२४ मध्ये सुरू झालेल्या, स्त्रियांना थेट रोख मदत देणाऱ्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी दरमहा १,५०० रुपयांप्रमाणे पहिल्या वर्षी ४६,००० कोटी रुपयांचा वार्षिक अंदाज मांडला गेला, आणि २०२५–२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद झाली. त्यासाठी सामाजिक न्याय व आदिवासी विकास या विभागांचा निधी वळवल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त झाली. याच अर्थसंकल्पात ३० लाख रुपयांहून महाग विजेवरील मोटारींवर ६ टक्के कर सुचवण्यात आला होता. तो काही आठवड्यांतच मागे घेण्यात आला. सधनांवरचा लहानसा करही टिकवणे कठीण आणि दुर्बलांसाठीची तरतूद वळवणे सोपे, ही राजकीय वस्तुस्थिती यातून उघड होते.

मूल्यमापन : रोजगार हमी निधीने दोन गोष्टी सिद्ध केल्या. कर कुणासाठी घेतला जातो हे स्पष्ट असेल, तर सधन समाज तो दशकानुदशके भरतो. आणि हक्क कायद्यात असेल, तर तो सरकारे बदलली तरी पूर्णपणे पुसता येत नाही. परंतु कराची मर्यादा गोठलेली, बागायती संपत्ती जवळजवळ मोकळी आणि निधीचा हिशेब सैल राहिल्यास समतोलाचे पारडे हळूहळू गरिबांच्या विरुद्ध झुकते. व्यवसाय कराची मर्यादा मिळकतीशी जोडणे, मोठ्या बागायतदारांकडून आकारणी प्रामाणिकपणे वसूल करणे, निधीचा जमाखर्च दरवर्षी जिल्हावार जाहीर करणे आणि कामाची प्रत्येक मागणी नोंदवण्याची सक्ती करणे या चार सुधारणा झाल्याशिवाय सामाजिक खर्चात कपात करण्याचे नैतिक समर्थन कोणत्याही सरकारला करता येणार नाही.