शेवटच्या बाकापर्यंतचा आवाज

मंडळी, गेले काही महिने नातेवाइकांचा एकच प्रश्न आहे, "बहात्तराव्या वर्षी हे रेकॉर्डिंगचं काय खूळ काढलंस?" मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते आहे, त्याबद्दलचा हा प्रश्न. फोनवर प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते. आणि बाई इतिहास शिकवणाऱ्या, तेव्हा उत्तर जरा मागून सुरू होणार हे तुम्ही ओळखलं असेलच!

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट आला. कोल्हापूरची प्रभात कंपनी, दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामती दुर्गा खोटे. आणि हरिश्चंद्र? गोविंदराव टेंबे. त्यांचा जन्म १८८१ चा, म्हणजे तेव्हा पन्नाशी गाठलेली. १९११ साली 'मानापमान'ला चाली दिल्या होत्या, १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली होती. अनुभव दांडगा, पण सगळा रंगभूमीवरचा. तिथे ध्वनिक्षेपक नव्हते. पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तो स्वतःच्या छातीच्या जोरावर. माईकला असा जोर चालत नाही. शिवाय बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढलेला, म्हणजे बोलायचंही दोनदा! ज्या वयात माणसं निवृत्तीचा विचार करतात, त्या वयात हा गृहस्थ बोलण्याची नवी रीत शिकत होता.

पुढे रेडिओनं ही रीत घरोघर नेली. मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आठवतात ना? ते बाळ कुडतरकर. चेहरा कुणी पाहिलेला नसायचा, पण वाटायचं, हा माणूस आपल्याच ओसरीवर बसून बोलतोय.

आता आपल्या गावाकडे येते. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतो त्या औरंगाबादचा रेडिओच्या इतिहासात मोठा मान आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आकाशवाणीची सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. संस्थानांची पाच केंद्रं वेगळी होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद! त्या यादीत पुणे नव्हतं बरं का. पुण्याला केंद्र आलं २ ऑक्टोबर १९५३ ला. निजामाच्या राज्यातली ही केंद्रं १ एप्रिल १९५० ला आकाशवाणीकडे आली. पण आपलं केंद्र पुढे काही वर्षांतच बंद झालं आणि पुन्हा सुरू व्हायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं.

मधल्या त्या वर्षांत आमची पिढी वाढली. गावात माईक नाही, तेव्हा माईकवरची मराठी म्हणजे लांबून, मुंबईहून येणारी मराठी. ती गोड होतीच, पण आपली नव्हती. त्याआधी निजामाच्या अमदानीत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं तेच उर्दू माध्यमात. म्हणजे आधी उर्दूपुढे गप्प बसायचं आणि नंतर प्रमाण मराठीपुढे. वक्तृत्व स्पर्धेला निघालेली आमची मुलं 'कामून' आणि 'करूलालाव' घरी ठेवून यायची.

आता बोलत्या पुस्तकांबद्दल. एडिसननं १८७८ साली आपल्या फोनोग्राफचे उपयोग लिहून काढले, त्यात अंधांसाठी बोलणारी पुस्तकं अगदी वरच्या क्रमांकावर होती. प्रत्यक्षात यायला पन्नासहून जास्त वर्षं गेली. १९३५ साली ब्रिटनमध्ये अशी पुस्तकं तबकड्यांवर निघाली. तबकडीची एक बाजू सुमारे पंचवीस मिनिटं चालायची. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक हे त्यांचे सुरुवातीचे श्रोते. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंगांना वापरता येईल अशा रूपात पुस्तक तयार करण्याची वाट मोकळी झाली. त्यामुळेच माझ्यासारखीला आज एका संस्थेसाठी हे काम करता येतं.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. वर्गात साठ मुलांवर आवाज टाकायची सवय. शेवटच्या बाकावरचा पेंगणारा पोरगा जागा राहिला पाहिजे! माईकसमोर मात्र एकाच कानाशी बोलायचं. पंखा बंद, खिडक्या बंद, उन्हाळ्यात जीव नकोसा. पान उलटलेलंही ऐकू येतं. 'प', 'फ' आले की फुंकर बसते, म्हणून तोंड जरा तिरकं ठेवायचं. आणि कथेत दहा वर्षांचा पोरगा बोलला, लगेच पुढच्या ओळीत म्हातारा खोकला, की दोघंही माझ्याच घशातून काढायचे. वाचन आणि अभिनय यांतला फरक इथे कळतो.

माझं काही मुद्रण ऐकून एका विद्यार्थ्यानं दोन सूचना केल्या. पहिली, "बाई, इतकं हळू नका वाचू, आम्ही दीडपट वेगानं ऐकतो." मला हसू आलं. दुसरी ऐकून मात्र मी थबकले. "गोष्टीतली माणसं गावाकडची असली ना, तर त्यांना आमच्यासारखंच बोलू द्या. तसं पुस्तक मी अजून ऐकलेलं नाही."

डोळस मुलाला छापलेला 'कामून' निदान दिसतो. या मुलाला तो कुणी उच्चारला तरच भेटणार. त्यासाठी मराठवाड्यात वाढलेला गळा लागतो, आणि तरुण असला पाहिजे अशी काही अट नाही. आमच्या पिढीच्या कानात ती बोली अजून शाबूत आहे.

असो. खुळाचं कारण हे असं आहे. निवृत्त मंडळींपैकी कुणाला इच्छा असेल तर जवळच्या अंधशाळेत चौकशी करा. आधी घरीच दहा मिनिटं मोबाईलवर वाचून ऐका. स्वतःचा आवाज पहिल्यांदा परका वाटतो, चार दिवसांत सवय होते. मला तर झाली!