दिव्याखालचा अंधार : कॅलिफोर्नियातल्या चार्जिंगची गोष्ट

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बे एरियातून लॉस एंजेलिसला गाडीने जाणे हा आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता कुळाचारच झाला आहे. पहाटे अंधारात निघायचे, डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी, थर्मासमध्ये चहा, आणि मागच्या सीटवर पेंगणारी पोरे. असेच एका वर्षी आम्ही निघालो होतो. गाडी विजेवरची. निम्म्या वाटेवर केटलमन सिटीला चार्जिंगसाठी थांबलो, तर पुढे ही मोठी रांग! रांगेत बसल्या बसल्या माझी नऊ वर्षांची नात खिडकीतून गाव न्याहाळत होती. समोरून शेतमजुरांनी भरलेला एक जुना पिकअप ट्रक गेला. तिने विचारले, "आजोबा, या गावातले लोक पण इथेच गाडी चार्ज करतात का?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडले आणि थांबलो. केटलमन सिटी हे किंग्ज काउंटीतले दीड हजाराच्याही आत वस्तीचे गाव. १९२८ मध्ये जवळच्या टेकड्यांत तेल सापडले, त्यावर ते वसले. आज तिथले बहुतेक लोक स्पॅनिश बोलणारे कष्टकरी. विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक असल्यामुळे या गावाने स्वच्छ पाण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली. तिथे २०१७ मध्ये टेस्लाने एका ठिकाणी ४० चार्जर उभारले. रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांत गावातली गाडी मला तरी एकही दिसली नाही.

नातीच्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही, त्याला एक घरगुती कारणही होते. ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास पाहू, कारण हा प्रश्न आजचा नाही. तो सव्वाशे वर्षांचा आहे.

विजेची मोटार ही नवी गोष्ट आहे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात १९०० च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला जेमतेम ४,२०० मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेवरच्या, १,५७५ विजेवरच्या आणि पेट्रोलवरच्या फक्त ९३६ होत्या. न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून विजेच्या टॅक्सी धावत होत्या. त्यांची उतरलेली बॅटरी डेपोमध्ये काढून भरलेली बॅटरी बसवली जाई. खासगी गाड्या मात्र शहरातल्या श्रीमंतांच्या. त्यांच्या घरी वीज होती, गाडी ठेवायला जागा होती, रात्रभर गाडी चार्ज होई. शहराबाहेर पाऊल टाकले की सगळे संपले. १९३५ च्या आसपासही अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. पेट्रोलचा डबा मात्र कुठल्याही वाण्याच्या दुकानात मिळे. त्यात १९१२ मध्ये कॅडिलॅकने हँडल न मारता सुरू होणारी गाडी आणली आणि विजेच्या गाडीचे उरलेसुरले आकर्षणही संपले.

या पहिल्या अध्यायाचा धडा साधा आहे. गाडीचा फायदा कोणाला, हे ठरले ते गाडी रात्री मुक्कामाला कुठे असते यावरून.

दुसरा अध्याय आपल्या कॅलिफोर्नियाचा. १९९० मध्ये राज्याच्या हवा मंडळाने नियम केला की, मोठ्या कंपन्यांनी १९९८ पासून विकलेल्या गाड्यांपैकी २ टक्के आणि २००३ पासून १० टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असाव्यात. १९९६ मध्ये जनरल मोटर्सची ईव्ही-१ रस्त्यावर आली. ती विकत मिळत नसे, भाडेकरारावरच मिळे, आणि अशा गाड्या अवघ्या अकराशेच्या घरात बनल्या. त्या काळी चार्जरचीही दोन घराणी होती. ईव्ही-१ आणि टोयोटाची आरएव्ही-४ यांना वडीसारखा चपटा तुकडा आत सरकवायचा, तर होंडा आणि फोर्डच्या गाड्यांना वेगळाच प्लग. म्हणजे दुकानासमोर चार्जर असला, तरी तो आपल्या गाडीला लागेलच असे नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा. पुढे नियम सैल झाले, कंपनीने गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक मोडीत काढल्या. त्यावर २००६ मध्ये निघालेला माहितीपट अनेकांना आठवत असेल.

तिसरा अध्याय डिसेंबर २०१० मध्ये सुरू झाला. निस्सान लीफ ही गाडी बाजारात आली. एका चार्जमध्ये ७३ मैल जाणारी, म्हणजे गावातल्या गावात फिरणारी गाडी. तिचे वेगवान चार्जिंग 'चाडेमो' पद्धतीचे. या नावात एक जपानी कोटी दडली आहे, 'एक कप चहा घेणार का?' अशा अर्थाची. चहा होईपर्यंत गाडी भरेल, ही कल्पना. आपल्या लोकांना ती पटायला वेळ लागला नाही.

टेस्लाने मात्र वेगळा विचार केला. २४ सप्टेंबर २०१२ रोजी तिने कॅलिफोर्नियात पहिले सहा सुपरचार्जर जाहीर केले. ठिकाणे पाहा: फॉल्सम, गिलरॉय, कोलिंगा, लेबेक, बार्स्टो आणि लॉस एंजेलिसजवळचे हॉथॉर्न. बहुतेक जागा हमरस्त्यावरच्या. लेक टाहो, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि लास व्हेगास जोडायचे, हा हेतू. प्रवाशाने थांबावे, जेवावे आणि पुढे जावे. वीज फुकट होती. साहजिकच आसपासच्या मंडळींनी विचार केला की, घरचे बिल कशाला भरायचे? २०१५ मध्ये कंपनीने वारंवार जवळच्या सुपरचार्जरवर येणाऱ्या ग्राहकांना पत्रे पाठवली आणि रोजचे चार्जिंग घरी करण्याची आठवण दिली. म्हणजे या काळात 'स्थानिक' हा शब्द तक्रारीचा झाला होता. ज्याच्या दारात चार्जर, त्यानेच तो वापरू नये!

पण घरी चार्ज करा म्हणणे सोपे, घर असले तर. हे कंपनीच्याही लक्षात आले. फुकट विजेचे दिवस २०१७ मध्ये नव्या ग्राहकांसाठी संपू लागले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात शिकागो व बॉस्टनच्या भर वस्तीत 'शहरी' सुपरचार्जर सुरू झाले. ते मुद्दाम अशांसाठी होते, ज्यांना घरी किंवा कामावर चार्जिंगची सोय नाही.

याच काळात कॅलिफोर्नियात आणखी दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्हींचे मूळ दंडात आहे. २०००-०१ चे वीजसंकट जुन्या बे एरियाकरांना आठवत असेल. भर दिवसा दिवे जात, भारताची आठवण येई. त्या काळच्या वीजकरारांवरून झालेल्या दाव्यात २०१२ मध्ये एनआरजी कंपनीशी सुमारे १२ कोटी डॉलरची तडजोड झाली. रोख रक्कम घेण्याऐवजी राज्याने मुख्यतः चार्जर मागितले: किमान २०० सार्वजनिक वेगवान चार्जर, आणि अपार्टमेंट, कार्यालये वगैरे ठिकाणी पार्किंगच्या १०,००० जागांपर्यंत वायरिंग. दुसरा दंड फोक्सवॅगनचा. डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत तिने केलेली लबाडी २०१५ मध्ये उघड झाली. २०१६ च्या समझोत्यानुसार कंपनीला दहा वर्षांत २०० कोटी डॉलर स्वच्छ गाड्यांच्या सोयींवर खर्च करायचे होते, त्यांतले ८० कोटी कॅलिफोर्नियात. 'इलेक्ट्रिफाय अमेरिका'चे हिरवे चार्जर आपण पाहतो, ते त्यातून उभे राहिले.

मग मूळ प्रश्न. घराजवळ वेगवान चार्जर आला, तर तिथल्या चालकाला काय मिळते?

ज्याचे स्वतःचे गॅरेज आहे, त्याला फारसे काही मिळत नाही. सरासरी अमेरिकन चालक दिवसाला ३५-४० मैल गाडी चालवतो. घरातल्या साध्या ११०-१२० व्होल्टच्या प्लगवर तासाला चारेक मैल भरतात, म्हणजे रात्रभरात दिवसाची गरज जवळजवळ भागते. २४० व्होल्टचा प्लग असला तर प्रश्नच नाही. अशा माणसाला जवळचा वेगवान चार्जर म्हणजे अडीअडचणीचा शेजारी. असलेला बरा, पण रोज दार ठोठावायची वेळ येत नाही.

दुकानदाराला मात्र मिळते. एमआयटीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ४,००० हून अधिक चार्जिंग स्टेशनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपासच्या दुकानांची उलाढाल २०१९ मध्ये सरासरी १.४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आकडा लहान आहे, पण खरा आहे. आपल्याकडे एस.टी. थांब्याजवळ चहाची टपरी चालते, तसेच हे.

आणि ज्याला गॅरेज नाही, त्या भाडेकरूला? त्याला विजेची गाडी घेण्याची शक्यता मिळते, ही मोठीच गोष्ट. पण ती महाग मिळते. वेगवान चार्जरला मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो, महागडी यंत्रे लागतात, आणि वीजकंपनी महिन्यातल्या सर्वाधिक भारावर वेगळा आकार लावते. हे सगळे शेवटी ग्राहकाच्या बिलात येते. आमच्या घरच्या हिशेबात तरी रात्रीच्या विजेपेक्षा बाहेरची वीज जवळजवळ दुप्पट पडते. ज्याच्याकडे घर आहे त्याला स्वस्त वीज, नाही त्याला महाग वीज आणि वर रांग.

मला चाळीतला सार्वजनिक नळ आठवतो. नळ दारासमोर होता, म्हणून आम्ही भाग्यवान होतो का? पलीकडच्या गल्लीतल्या लोकांपेक्षा, हो. पण घरात नळ आला त्या दिवशी आईच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते सार्वजनिक नळाने कधीच दिले नव्हते.

आता ते घरगुती कारण. आमच्या टाउनहाउस संकुलात २०१६ मध्ये सामायिक पार्किंगमध्ये आठ साधे, सावकाश चालणारे चार्जर बसवण्याचा प्रस्ताव आला होता. नेमका तेव्हाच समोरच्या शॉपिंग सेंटरमध्ये वेगवान चार्जर सुरू झाला होता. मी सभेत उठून म्हणालो, "हाकेच्या अंतरावर सोय आहे, राखीव निधी कशाला मोडायचा?" हात वर झाले, प्रस्ताव पडला. माझ्या गॅरेजमध्ये प्लग होता, हे सांगायला नकोच.

काही वर्षांनी संकुलात एक तरुण मराठी जोडपे भाड्याने राहायला आले. नुकतेच बाळ झालेले, जुनी लीफ घेतलेली. एकदा रात्री अकराच्या सुमारास औषध आणायला गेलो, तर तो मुलगा त्या समोरच्या चार्जरवर थांबलेला, मागे झोपलेले बाळ. "काका, रात्री रांग कमी असते," तो हसून म्हणाला. त्याला माहीत नव्हते की, त्याच्या रात्रीच्या या फेऱ्यांत माझ्या वर केलेल्या हाताचा वाटा होता.

कायदे हळूहळू याच दिशेने आले आहेत. कॅलिफोर्नियात २०१४ च्या कायद्याने भाडेकरूला स्वखर्चाने चार्जर बसवण्याची मागणी करण्याचा हक्क दिला, पण भाड्याच्या घरात हजारो डॉलर कोण घालणार? २०२१ च्या केंद्रीय कायद्याने ५०० कोटी डॉलर ठेवले ते मुख्यतः हमरस्त्यांसाठी: दर ५० मैलांवर, रस्त्यापासून मैलभराच्या आत. वस्त्या आणि रस्ते अशा दोन्हींसाठी आणखी २५० कोटी वेगळे होते. २०२५ च्या फेब्रुवारीत हमरस्त्यांचा निधी अडवला गेला आणि ऑगस्टमध्ये नव्या सूचनांसह पुन्हा वाट मोकळी झाली. राज्याने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले की, कॅलिफोर्नियात सार्वजनिक व सामायिक चार्जर १,७८,००० च्या वर गेले, पेट्रोलच्या नळ्यांपेक्षा जास्त. त्यांत वेगवान सुमारे १७,०००. बाकीचे सगळे सावकाश भरणारे.

त्या सावकाश चार्जरांचे उद्घाटन कोणी फीत कापून करत नाही. पण स्थानिक माणसाचा खरा फायदा त्यांच्यातच आहे. वेगवान चार्जर वाटसरूसाठी, सावकाश चार्जर गावकऱ्यासाठी. दोन्ही हवेत, पण एकाचे कारण सांगून दुसरा नाकारू नये, एवढेच मला या इतिहासातून कळले.

२०२४ मध्ये तो प्रस्ताव मीच पुन्हा मांडला. या वेळी तो मंजूर झाला. बाळ असलेले ते जोडपे तोवर दुसरीकडे राहायला गेले होते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण आता आपापल्या संकुलांच्या समित्यांवर आहेत. असा प्रस्ताव आला, तर हात वर करण्यापूर्वी पार्किंगमध्ये रात्री एक चक्कर मारा. कोणाची गाडी कुठे मुक्कामाला आहे, ते पाहा. आणि नातीला द्यायचे उत्तर? मी तिला सांगितले, "नाही गं, बहुधा अजून नाही." तिने लगेच विचारले, "मग कधी?"